डब्यावरची ओळ

रविवारची जेवणं उरकली, आणि ताटं उचलायच्या आधीच नंदकुमारने कपाटावरून नवा डबा काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. जयंतीने कोंबडी-वड्यांचा बेत केला होता. नवऱ्याच्या, नंदकुमारच्या, आवडीचा म्हणून, आणि आज घरात आनंदाचा दिवस म्हणून.

डबा पत्र्याचा, गोल, हिरवागार. पुढच्या बाजूला अण्णांचा फेटा बांधलेला फोटो. आजवर तळवणेकरांचं पित्तशामक चूर्ण खाकी पाकिटातून जायचं, तेही मुलुंड पूर्वेच्या अण्णांच्या दवाखान्यातून, फार तर भांडुप-ठाण्याच्या दोन-चार दुकानांतून. आता घाटकोपरचा एक एजंट ते राज्यभर नेणार होता. टीव्हीवर जाहिरातीचंही बोलणं चाललं होतं.

"फोटो बरा आलाय," अण्णा म्हणाले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज अजून खणखणीत. "गालफडं बसलेली दिसत नाहीत."

"जुना आहे ना तो," माई म्हणाल्या. "आपण गावी, तळवण्याला गेलो होतो तेव्हाचा."

डबा हातोहात फिरत वनमालेकडे आला. नवरा, जयवंत, गेल्यापासून कांजूरमार्गची शेड तीच बघत होती. आवळकाठी निवडून घेण्यापासून ते चूर्ण चाळून भरण्यापर्यंत सगळं तिच्या नजरेखाली. मिठागरांकडून येणाऱ्या दमट वाऱ्याने मालाला ओल धरू नये म्हणून पावसाळ्यात ती रोज दोनदा पोत्यांत हात घालून बघायची. घरातली मोठी सून होती, वैद्य नव्हती, पण चूर्ण तिच्या हातचं होतं आणि ते सगळे जाणून होते. तिने डबा फिरवून मागची बाजू वाचली. मग परत वाचली.

"ही ओळ कोणी लिहिली, भावजी?"

"कुठली?"

"छातीतील जळजळ, दडपण आणि छातीच्या सर्व प्रकारच्या दुखण्यावर रामबाण."

"एजंटने सुचवली. झकास आहे ना? नुसतं पित्त म्हटलं की लोक म्हणतात, ठीक आहे, घरी धने भिजवून पिऊ. छाती म्हटलं की माणूस थांबतो."

"हो. थांबतो," वनमाला म्हणाली. "ही ओळ काढा."

नंदकुमार हसला. "वहिनी, छापून झालेत. खोकी शेडवर यायला निघतील उद्या."

"मग वरून कागद चिकटवा. छाती आवळत असेल, घाम सुटत असेल, हात दुखत असेल तर हे घेऊ नका, आधी इस्पितळात जा. असा."

"म्हणजे आपल्या डब्यावर दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता द्यायचा?"

जयंती फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण वनमाला हसत नव्हती.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "रामबाण हा शब्द मी कधी वापरलेला नाही, नंदू. पण वनमाला, तुला एवढं काय खटकलं? आपलं चूर्ण गुण देतं की नाही? तू स्वतः घेतलंयस."

घेतलं होतं. जयवंत गेल्यावर वनमालेच्या छातीत वर्षभर आग आग व्हायची. आंबट घशाशी यायचं, जेवण नको वाटायचं. अण्णांनी तिला समोर बसवून चहा सोडायला लावला, सकाळी मोरावळा, दिवसा साळीच्या लाह्या आणि धन्याचं पाणी, दोन्ही वेळेला चूर्ण असं पथ्य घातलं होतं. आणि म्हणाले होते, "रडू येतंय तेव्हा जेवायला बसू नकोस. आधी रडून घे, मग जेव. कुढत्या माणसाच्या पोटात दूधसुद्धा आंबतं." महिन्यात उतार पडला होता. आम्लपित्तात अण्णांचा हात धरणारं त्या बाजूला कोणी नव्हतं. ते औषधाआधी माणसाला विचारायचे, कधी जेवतोस, कधी निजतोस आणि कोणावर चिडतोस. हे सगळं वनमालेला मान्य होतं, म्हणून तर तोंडातून शब्द काढणं अवघड होतं.

पण तिने काढले.

"गुण देतं, अण्णा. पित्ताला देतं. यांनाही तुम्ही ते पित्त म्हणूनच दिलं होतंत."

सहा वर्षं त्या घरात ही गोष्ट कोणी बोललं नव्हतं. जयवंतचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या मुलीची, क्षमाची, दहावी-बारावी झाली, शेडला त्याचं नाव दिलं, पण त्या दुपारी नक्की काय झालं हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. जयवंत अचानक गेला, एवढंच म्हणायची पद्धत पडली होती.

"वनमाला, गप रव," माई म्हणाल्या. घरात एरवी त्या शहरी मराठी बोलत, पण राग आला की तळवण्याची बोली तोंडात यायची. "माझो झील गेलो आणि तू त्येका डब्यावर लावतंस?"

"डब्यावर लावू नका म्हणूनच सांगतेय, माई."

"काय सांगतेस तू?" अण्णांचा आवाज खाली आला.

"त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, एवढा वेळ काय करत होतात? थोडं आधी आणलं असतंत तर काही करता आलं असतं. मी काय उत्तर देणार होते? वैद्यांच्या घरी होतो, म्हणून थांबलो, असं सांगायचं? मी दारात चपला घालून उभी होते, अण्णा. तुम्ही म्हणालात, मी आहे ना इथे. म्हणून मी चपला काढल्या."

नंदकुमार ताडकन उठला. "बस झालं, वहिनी. म्हाताऱ्या माणसाला काय बोलताय? मी चार महिने पायपीट करून हे जमवलंय. जेवण नाही, झोप नाही, एजंटच्या दारात चहावर चहा ढोसत बसलोय आणि तुम्ही आज, आजच्या दिवशी…" पुढचं त्याला बोलता येईना. त्याने खुर्चीची पाठ धरली. मग हळूच खाली बसला आणि उजवा हात छातीवर गेला.

"काय झालं हो?" जयंतीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"काही नाही. जळजळतंय." कपाळावर घामाचे थेंब आले होते. "सकाळपासूनच आहे थोडं."

अण्णा उठून त्याच्याजवळ आले आणि मनगट हातात घेतलं. "पित्त खवळलंय. डाव्या कुशीवर निजव त्याला. माई, कोमट पाणी आणि चूर्ण आणा."

माई स्वयंपाकघराकडे वळल्या. वनमालेला सहा वर्षांपूर्वीची दुपार दिसली. तीच खोली, तीच डावी कूस, तेच कोमट पाणी. त्या दिवशी जयवंतने "आता बरं वाटतंय" म्हणून सगळ्यांना फसवलं होतं.

"मी रिक्षा आणते," ती म्हणाली.

"काही गरज नाही. मी आहे ना इथे," अण्णा म्हणाले.

"तेव्हाही होतात."

कोणी सासऱ्याला असं बोलतं का, हे भान तिला नंतर आलं. तेव्हा ती पायात चपला सरकवून दार उघडत होती. मागे वळून ती जयंतीला म्हणाली, "तू सांग. तुझा नवरा आहे."

जयंती मधोमध उभी होती. एकीकडे नाडी धरलेले सासरे, एकीकडे पाण्याचा पेला घेऊन आलेली सासू. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण अण्णांचा शब्द तिने कधी ओलांडला नव्हता. थोरल्या जावेशी तिचं फार सख्य होतं असंही नाही; शेडच्या किल्ल्या आपल्याकडे याव्यात असं तिला अधूनमधून वाटत असे. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढुरके पडले होते.

"पेला ठेवा, माई," ती म्हणाली. "वहिनी, लवकर आणा रिक्षा."

इस्पितळात त्याला आत नेलं, छातीला तारा लावल्या, कार्डिओग्रामची लांबलचक पट्टी निघाली. जयंती बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. वनमाला बसली नाही. भिंतीशी उभी राहून ती आतल्या पडद्याकडे बघत राहिली. पडदा सरेपर्यंत ती मनाशी एकच म्हणत होती, पित्तच निघू दे, मी खोटी पडू दे.

ती खोटी पडली. तरुण डॉक्टर बाहेर आला. पट्टी साफ होती. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ, परत एकदा काढू, असं म्हणाला. दुसरी पट्टीही तशीच आली.

"ॲसिडिटी आहे, वर टेन्शन. दुपारी काय जेवलात?"

"कोंबडी-वडे," जयंती म्हणाली. आता तिला रडू फुटलं.

परतीच्या रिक्षेत नंदकुमारचा रंग परत आला होता आणि जीभही. "काय वहिनी, वाट लावलीत ना सगळ्या दिवसाची? कोंबडी-वड्यांनी माणूस मरत नाही."

"आता माहीत झालं. दुपारी माहीत नव्हतं."

"अण्णांना माहीत होतं."

तिला भांडायचं नव्हतं. दीर जिवंत आहे आणि कटकट करतो आहे, याचंच तिला इतकं बरं वाटत होतं की तिने त्याला मनसोक्त बडबडू दिलं.

अण्णा दारातच बसले होते. त्यांनी डॉक्टरने काय सांगितलं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाडीत मला पित्तच लागलं होतं."

"लागलं असेल," वनमाला म्हणाली.

"म्हणजे तुझा माझ्या विद्येवर विश्वास नाही."

"विद्येवर आहे, अण्णा. औषधावर आहे. उद्यापासून भावजींना तुमच्याच पथ्यावर ठेवा, ते बरे होतील. विश्वास नाही तो फक्त अंदाजावर. एकदा अंदाज चुकला तर परत विचारायला माणूस उरत नाही."

अण्णांचा चेहरा दगडासारखा झाला. "चूक झाली, असं तू म्हणतेस."

"मी उशीर झाला म्हणते."

"डबे जातील," अण्णा उठत म्हणाले. "ओळीचं पुढच्या छपाईत बघू. माझ्या औषधाच्या डब्यावर मी इस्पितळाची पाटी लावणार नाही. पन्नास वर्षांचा दवाखाना आहे हा."

"ठीक आहे. मग माझ्या हातचं चूर्ण त्या डब्यात जाणार नाही. शेडची किल्ली तिथल्या शकूकडे देते. ती निवडणं-टिपणं बघेल. भरायचं कोणी ते तुम्ही ठरवा."

"आणि तू काय करणार? घरी बसणार?" नंदकुमारने विचारलं.

"दवाखान्याच्या बाकावर बसणार. डब्यावर लिहायचं नसेल तर तोंडी सांगेन."

तिचं बोलणं कोणी खरं मानलं नाही. पण सोमवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तेव्हा वनमाला धुतलेली सुती साडी नेसून बाहेरच्या बाकाच्या टोकाला बसली होती. चूर्ण मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती जवळ बोलावायची.

"बसा. छातीत जळजळतं की आवळतं? चालताना होतं की जेवल्यावर? घाम येतो का?"

बरीच माणसं गोंधळायची. कोणी म्हणे, जेवल्यावर, कोणी म्हणे, रिकाम्या पोटी, विमला नावाची एक टायपिस्ट बाई म्हणाली, "साहेबाने हाक मारली की." तिला वनमालेने आत अण्णांकडे पाठवलं. आतून अण्णांचा आवाज येई, "सकाळी उठल्या उठल्या चहा बंद. मनुका भिजवून खायच्या. साहेबावर चिडलात तर घरी जाऊन लगेच ताटावर बसू नका, थोडं फिरून या." अण्णांचं काम अण्णा चोख करत होते. फक्त बाहेर कोण बसलंय याची दखल घेत नव्हते. पेशंटांसमोर सुनेला हाकलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

नंदकुमार मात्र घरी मुगाचं वरण आणि भात गिळत चरफडायचा. "लोक हसतायत आपल्याला. तपासनाका उघडलाय वहिनींनी." माईंनी तर वनमालेशी बोलणंच टाकलं होतं. ताट वाढून तिच्या समोर सरकवायच्या आणि तोंड फिरवायच्या. क्षमा एकदा रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "आई, सोड ना. दर वेळी तुलाच कशाला वाईट व्हायचं असतं?"

"कारण बाकी सगळे चांगले आहेत," वनमाला म्हणाली आणि ताक वाढून घेतलं.

बाकावर बसणं सोपं नव्हतं. शेजारच्या बायका येता-जाता थांबायच्या, खोटं खोटं विचारायच्या, "काय गं, शेडवर नाही जात हल्ली?" तिसऱ्या दिवशी तर तिला स्वतःलाच वाटलं, आपण हे कोणासाठी करतोय? मेलेल्या माणसासाठी? मेलेल्याला याचा काय उपयोग? तरी चौथ्या दिवशीही ती जाऊन बसली.

त्याच दिवशी दशरथ साटम आले. दहिसर नाक्याजवळ राहायचे, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झालेले. अण्णांच्या हाताला गुण आहे म्हणून दोन गाड्या बदलून मुलुंडला यायचे. वनमाला त्यांना ओळखत होती.

"आत नाही जात, वहिनी. नेहमीचं चूर्ण तेवढं घेतो," ते म्हणाले. "ड्युटी आहे."

"घ्या. पण सांगा, कधी होतं?"

"काय?"

"छातीत."

"ते होय? पुलाचे जिने चढताना भरतं. उभा राहिलो की जातं. मग परत चढायला लागलो की परत."

"जळजळतं?"

साटमांनी मूठ वळली आणि छातीच्या मध्यावर दाबून धरली. "असं. कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. पित्तच ते. चूर्णाने बरं वाटतं."

"चूर्णाने, की उभं राहिल्याने?"

दवाखान्याचं अर्धं दार उघडं होतं. आतला पेशंट निघून गेला होता, आणि अण्णा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.

"साटम, आत ये," ते म्हणाले.

साटम आत गेले. वनमाला उठून दारात उभी राहिली. ती आत गेली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"गणपतीच्या आधीपासून."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा," साटम साधेपणाने म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "तुम्ही विचारलंत, कधी जेवतोस, कधी निजतोस, गिरणी गेल्याचं मनाला लागलं का. ते सगळं सांगितलं मी."

अण्णांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. वनमालेला त्यांची पाठ दिसत होती. तेव्हा तिला उमगलं की चालताना छाती भरते का, हा प्रश्न पूर्वी अण्णा नक्की विचारत असणार. कुठलाही वैद्य विचारतो. जयवंत गेल्यानंतर त्यांनी तो विचारायचं सोडलं होतं. दुसऱ्याला विचारायचा तर आधी स्वतःला विचारावा लागला असता, त्या दुपारी मी हे का नाही विचारलं? आणि त्या प्रश्नाच्या दारातून अण्णा सहा वर्षं मान खाली घालून पुढे जात होते.

अण्णांनी मनगट सोडलं.

"नंदू," त्यांनी घराच्या बाजूला हाक मारली. "रिक्षा आण."

नंदकुमार दारात आला. "कोणाला?"

"साटमांना. इस्पितळात घेऊन जा. कार्डिओग्राम काढल्याशिवाय परत आणू नकोस."

"अण्णा, मला शेडवर डबे…"

"डबे राहू देत."

साटम घाबरून म्हणाले, "माझी ड्युटी आहे हो."

"ड्युटी मी बघतो," अण्णा म्हणाले. "तू जिना चढू नकोस. एवढंच कर."

नंदकुमार साटमांना घेऊन गेला. दुपारी उशिरा परतला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. साटमांना ठेवून घेतलं होतं. रक्तवाहिनी तुंबत आली होती, आणखी थोडे दिवस गेले असते तर कठीण होतं, पण वेळेवर आले, असं डॉक्टर म्हणाले होते. हे तो अण्णांना सांगत होता, पण बोलता बोलता त्याची नजर वनमालेकडे गेली आणि त्याने ती लगेच वळवली.

संध्याकाळी अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. मधल्या टेबलावर एक हिरवा डबा होता.

"कागद चिकटवायचा," ते म्हणाले.

"मी सांगितला होता तो मजकूर…" वनमालेने सुरुवात केली.

"तुझा नको. डब्यावर फोटो माझा आहे, शब्दही माझेच पाहिजेत. क्षमा, लिहून घे." त्यांनी डोळे मिटले. "छाती आवळत असेल, चालताना भरत असेल, घाम सुटत असेल, तर हे चूर्ण घेऊ नये. ते पित्त नव्हे. आधी इस्पितळात जावे." ते थांबले. क्षमाला वाटलं संपलं, तिने पेन उचललं. "लिही. उशीर करू नये. घरात वैद्य असला तरी."

माई उठून आत निघून गेल्या.

शकू, चंपा आणि शेडवरच्या बाकीच्या बायका डिंकाचा डबा घेऊन बसल्या आणि रामबाणावर कागद चिकटत गेले. जयंती रोज मदतीला येऊ लागली. कागद तिरका लागला की ती सोलून परत लावायची. एजंटने पहिला डबा हातात घेतला, कागद वाचला आणि ठेवून दिला. ज्या औषधाचा डबाच गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवतो ते औषध कोण विकणार, असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं. राज्यभर जाणं राहिलं, टीव्हीही राहिला. चूर्ण परत मुलुंड, भांडुप, ठाणे एवढ्यातच फिरू लागलं.

"झालं समाधान?" नंदकुमारने विचारलं. कितीतरी दिवसांनी तो वनमालेशी बोलत होता.

"झालं."

"माझ्या चार महिन्यांचं काय?"

"त्याचं मला वाईट वाटतं, भावजी. खरंच. पण परत वेळ आली तर परत हेच करेन."

तो म्हणाला, "दुसरा एजंट बघावा लागेल," आणि उठून गेला. माफ केलं असं नव्हे. पण दुसरा एजंट बघेन म्हणाला, दुसरी ओळ बघेन म्हणाला नाही, हे वनमालेने मनात टिपून ठेवलं.

माई त्यानंतरही बोलत नव्हत्या. एका दुपारी वनमाला स्वयंपाकघरात धने निवडत बसली असताना त्या येऊन समोर बसल्या. सुपातले दोन-चार दाणे उचलून परत टाकले.

"एक विचारू काय गो?"

"विचारा ना."

"माझ्या हातचा चूर्ण घेतल्यान त्येना. मीच कालवून दिलंय. वाटी माझ्या हातात होती." "माझ्या हातानच झाला काय ता?"

वनमालेने सूप बाजूला ठेवलं. आता तिला कळलं की सासूने तोंड का फिरवलं होतं. तिला वाटत होतं की माई अण्णांची बाजू घेतायत. माई आपल्याच हातांकडे बघायचं टाळत होत्या.

"चूर्णाने काही झालं नाही, माई," ती म्हणाली. "ते नसतं घेतलं तरी तेच झालं असतं. तुम्ही पोराला बरं वाटावं म्हणून दिलंत. झालं ते उशिराने."

माईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या धन्यांचं सूप स्वतःकडे ओढून निवडायला लागल्या.

डब्यावर कागद आला तरी वनमालेने बाक सोडला नव्हता. वाचता न येणारेही दवाखान्यात येतात, असं तिचं म्हणणं होतं. सकाळी थोडा वेळ बाकावर, मग शेडवर, अशी तिने वाटणी केली होती. धने निवडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा बाकाच्या टोकाला तिच्या जागी माई बसल्या होत्या. नऊवारीचा पदर नीट घेऊन, हात मांडीवर ठेवून. समोर नलिनी नावाची एक जाडजूड बाई पाकिटासाठी पैसे काढत उभी होती.

"थांब गो," माई तिला म्हणाल्या. "चालताना छाती भरता काय? खरा सांग."

"नाही हो. सासू बोलायला लागली की जळजळतं."

माईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"मगे ता पित्त," त्या म्हणाल्या. "जा आत. अण्णा पथ्य सांगतील." आणि वनमालेकडे न बघताच बाकावर थोडं सरकून त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.